वाचवलेल्या तीन प्लेटा

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या किडनीत गाठ निघाली. निघाली म्हणजे तिला शोधायला कुणी गेलंच नव्हतं. पोटात कळा येत होत्या म्हणून सोनोग्राफी केली, कळा निघाल्या पित्ताच्या खड्यांच्या, आणि जाता जाता त्या यंत्राला किडनीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढं काहीतरी दिसलं. पुढे नागपूरला सीटी झाला. डॉक्टर म्हणाले, पोट फाडायची गरज नाही, सुईने जाळून टाकू.

मी चाळीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत काढलेली. त्यामुळे अशा ठिकाणी मला गप्प बसवत नाही. टेबलावर पालथा पडल्या पडल्या मी सुई घालणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. पाठ बधिर केली होती, थोडी गुंगीही दिली होती, पण जीभ शाबूत होती. त्या सुई जराशी आत सरकवायच्या, टेबल यंत्रात जायचं, पडद्यावर माझ्या पोटाचा काप उमटायचा आणि त्यात सुईचं टोक पांढरं चमकायचं. टोक गाठीच्या बरोबर मधोमध आल्यावर त्यांनी सुईतून वीज सोडली आणि गाठ जागच्या जागी भाजून काढली. माझ्यानंतर एका गृहस्थांच्या लिव्हरमधल्या गाठीला हेच करणार होते. ते बिचारे बाहेर घाबरून बसले होते, त्यांना मीच धीर दिला. दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला घरी, पाठीला एक चिकटपट्टी लावून.

लोक भेटायला आले. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "पुण्याई आहे तुमची." मी त्यांना चहा दिला आणि कपाशीवरच्या बोंडअळीचा विषय काढला. सुनेला वाटलं, बाबांना दुखतंय. दुखत काही नव्हतं, लाज वाटत होती. याच बाजूला, याच जागी अशीच गाठ माझ्या वहिनीला होती, आणि तिचा फोटो मी स्वतः काढला होता. त्या फोटोत गाठ दिसली नाही. ती दिसावी म्हणून जे करायला हवं होतं, ते मला येत होतं आणि मी केलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते गेले. आता सांगण्यात शौर्य नाही, हे मलाही कळतं.

आमचं घर अकोल्याचं. वडील लवकर गेले, मी सात वर्षांचा असताना आई गेली. थोरला भाऊ, आमचा दादा, जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि अठरा वर्षांची वहिनी घरात आली, ती थेट माझी आई होऊन. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण पाटीवरची ओळ वाकडी गेली की लगेच कळायचं. मग ती पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायची. मी चिडून म्हणायचो, तुला वाचता तर येत नाही. ती म्हणायची, "वाचता नाई येत, पण वाकडं दिसते ना मले." तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि माझ्यावर तिचा जीव असा होता की आम्हाला दोघांनाही ते विचारायची गरज पडली नाही.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो. वहिनी पांढरं लुगडं नेसून आली होती. परत आल्यावर तिनेच देव्हाऱ्यातले टाक एका फडक्यात बांधले आणि मोर्णा नदीत सोडून दिले. दादा जरा घुटमळत होता, ती घुटमळली नाही. पुढे मी मॅट्रिक झालो, नागपूरला एक्स-रेचं शिक्षण घेतलं आणि अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागलो. आमच्या वस्तीतला पांढरा कोट घालणारा मी पहिला. निघताना वहिनीने माझ्या पेटीवर हात ठेवून सांगितलं, "तुयावर साऱ्यायचा डोया राहीन बापू. दुसऱ्यानं चूक केली तं त्याची एकट्याची. तू केली तं आपल्या साऱ्यायची. बोट दाखवाले जागा ठेवू नको."

ते वाक्य मी गळ्यात ताईत बांधावा तसं बांधून घेतलं. ताईत बांधायचे नाहीत असं नुकतंच ठरवलं होतं तरी.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला समोर उभं करून बजावलं, की माझ्या आधीच्या माणसाला काढून टाकलं ते फिल्म उडवल्या म्हणून. बायकोच्या माहेरचं अख्खं गाव त्याने फुकटात एक्स-रे काढून घरी पाठवलं होतं. फिल्म तेव्हा परदेशातून यायच्या. चीनच्या लढाईनंतर तर त्या मिळणं मुश्कील झालं. खोकं आलं की डॉक्टर स्वतः येऊन पाहून जायचे. खोकी स्टोअरकीपरच्या ताब्यात. हा गृहस्थ वाईट नव्हता, पण टोमणा त्याला पानासारखा लागायचा. पहिली खोकी माझ्या हातात देताना तो छताकडे पाहत म्हणाला, "नवे लोक आले का माल लवकर सरते." नवे लोक म्हणजे कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

झालं. मी असा काही हिरीरीने फिल्म वाचवायला लागलो की बोलायची सोय नाही. बोट मोडलेल्या माणसासाठी मोठी फिल्म कापून तिचे चार तुकडे करायचो. एक फोटो हलला तर स्वतःला दिवसभर शिव्या द्यायचो. वर्षभराने डॉक्टर साऱ्या स्टाफसमोर म्हणाले, "याच्या हातून एक प्लेट वाया जात नाही." स्टोअरकीपर समोरच उभा होता. त्या दिवशी मी खोलीवर पायी न जाता टांगा केला. अति तेथे माती ही म्हण मी शाळेत घोकून पाठ केली होती. तिचा अर्थ लागायला उशीर झाला.

काम मात्र मी मन लावून करत होतो, हेही लिहिलं पाहिजे. सुई आणि चित्र यांची सोयरीक तेव्हाही होती, पण कशी, ते ऐकण्यासारखं आहे. एकदा एक टांगेवाले चाचा आले, लिव्हरमध्ये पू झालेला, तापाने फणफणलेले. डॉक्टर लाल काचांचा चष्मा लावून वीस मिनिटं बसले, अंधारातला हिरवा पडदा नीट दिसावा म्हणून. मग मी चाचांना पडद्यामागे उभं केलं. छाती आणि पोटाच्या मधला, श्वासाबरोबर खालीवर होणारा स्नायू, उजवीकडे तो नीट हलत नव्हता, त्याच्या खाली लिव्हर फुगलेलं. डॉक्टरांनी कातडीवर शाईने फुली मारली, चाचांना टेबलावर घेतलं, आणि तिथून पुढे सुई गेली ती फक्त अंदाजाने. चाचा म्हणत होते, "डाक्टरसाब, देख के." डॉक्टर म्हणाले, "देखूनच राहिलो ना चाचा." ते पुण्याकडचे होते, पण दहा वर्षांत आमची बोली उचलली होती. पिचकारीत तपकिरी पू आला आणि खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला. मी त्या दिवशी शिकलो की सुई धरणाऱ्याचा हात कितीही चांगला असो, चित्र काढणाऱ्याने जे दाखवलं नाही ते त्याला दिसत नाही. हे मला माहीत होतं. वहिनीच्या आधी माहीत होतं.

त्रेसष्ट साली पोळा होऊन गेल्यावर दादा वहिनीला घेऊन माझ्या खोलीवर आला. तिची पाठ दुखते, एवढंच त्याने सांगितलं. वहिनीने आल्या आल्या माझी खोली झाडली, माझे दोन सदरे धुतले, ज्वारीच्या भाकरी केल्या. पाठ दुखणाऱ्या बाईची ही लक्षणं नव्हती. दादा पान खायला बाहेर गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पाठ काई दुखत नाई माई. लघवीले लाल होते. दोनदा झालं. तुया दादाले नाई सांगतलं, तो घाबरते."

मी सव्वीस वर्षांचा होतो. मी जमिनीकडे पाहत विचारलं, "पाळीचं नाही ना वयनी?" तिनेही जमिनीकडे पाहतच नाही म्हणून सांगितलं. आम्हा दोघांना ते बोलणं किती जड गेलं, हे आजच्या पोरांना सांगून समजायचं नाही. पण ती बोलली. तिने तिचं काम केलं.

मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी लगेच शिरेतून औषध देऊन किडनीचे फोटो काढायला सांगितलं. ते औषध रक्तातून किडनीत उतरतं आणि एक्स-रेमध्ये किडनी पांढरी उमटून दिसते. पूर्ण तपासणीला पाच प्लेटा लागत: एक औषधाच्या आधीची, चार नंतरच्या, थोड्या थोड्या वेळाने. फिल्मची टंचाई होती म्हणून डॉक्टरांनी मला नियम घालून दिला होता. आधी दोन काढायच्या, ओल्याच उजेडावर धरून पाहायच्या. दोन्ही किडन्या स्वच्छ दिसल्या तर थांबायचं. कुठे काही झाकलं असेल तर उरलेल्या तिन्ही काढायच्या, कुशीवर वळवून काढायच्या, विचारायला यायचं नाही. एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला होता.

तो दिवस मला घड्याळासकट आठवतो. आदल्या संध्याकाळी वहिनीला एरंडेल दिलं होतं, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. तरी बाहेरच्या बाकावर बसून ती बायांना सांगत होती, हा पांढऱ्या कोटवाला माझा दीर. आत आल्यावर थंडगार टेबलावर पडून तिने पदर नीट केला आणि मला म्हणाली, "कशी दिसतो रे मी याच्यात? हाडकं दिसते म्हणतात." डॉक्टरांनी शिरेत औषध दिलं आणि ते बाह्यरुग्णांकडे गेले. पहिली प्लेट आधीच झाली होती. पंधरा मिनिटांनी मी दुसरी काढली, अंधारखोलीत धुतली आणि ओली टिपकती प्लेट उजेडाच्या पेटीवर धरली.

डावी किडनी पुस्तकात छापावी तशी होती. उजवीचा खालचा भाग ठीक. वरच्या भागावर आतड्यातल्या गॅसचे काळे फुगे आले होते, एकावर एक. त्यांच्यामागे काय आहे ते दिसत नव्हतं.

यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं. कुशीवर वळवायचं आणि पुढची काढायची, नियम डॉक्टरांचा. फिल्म भरलेली चपटी पेटी मी हातात घेतली देखील. तेवढ्यात स्टोअरकीपर दारात आला. कुठल्या तरी कागदावर माझी सही हवी होती. त्याने टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "घरच्याच दिसते?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "हो का? मंग होऊ द्या आरामशीर," तो म्हणाला, आणि सही घेऊन गेला.

इतकंच. याउप्पर तो एक अक्षर बोलला नाही. कदाचित त्याच्या मनात काही नसेलही. पण माझ्या कानात त्या आधीच्या माणसाच्या बायकोच्या माहेरचं अख्खं गाव गलका करायला लागलं. मी ती पेटी फळीवर परत ठेवली. "झालं वयनी, ऊठ," मी म्हटलं.

टेबलावर दुसऱ्या कुणाची वहिनी असती तर मी डोळे झाकून पाचही प्लेटा काढल्या असत्या. हे मी खात्रीने सांगतो, कारण तसं मी रोज करत होतो. परक्यांच्या बाबतीत मला नियम दिसायचा, घरच्या माणसाच्या बाबतीत मला माझं नाव दिसलं. दुसऱ्यांचं सोवळं सोडून आलेला मी, प्रामाणिकपणाचं नवं सोवळं नेसून बसलो होतो, आणि त्याला वहिनीचा विटाळ नको होता.

संध्याकाळी डॉक्टरांनी वाळलेल्या प्लेटा पाहिल्या. उजवीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे गॅस आहे. पुढच्या काढल्या नाहीत?"

"ओली पाहिली तेव्हा नीट दिसलं होतं सर. गरज वाटली नाही."

ओली प्लेट वाळल्यावर बदलत नाही. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. पण माझ्या हातून चूक होत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोष दिसत नाही असं लिहिलं आणि सही केली. मी उरलेल्या तीन फिल्म खोक्यात परत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरने खोकं पाहिलं आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याचं मला बरं वाटलं, हे मी लिहून ठेवतो. लपवून उपयोग नाही.

काही निघालं नाही म्हटल्यावर दादाने बाजारातून संत्री आणली. आंबिया बहाराची, हंगामाच्या आधीची, आंबट होती, पण आम्ही तिघांनी हसत खाल्ली. आणि नेमकं त्याच आठवड्यात वहिनीचं लाल व्हायचं थांबलं. त्या रोगाची ती खोड असते, मधूनच दडी मारतो. आम्हाला वाटलं, गेलं. मलाही वाटलं. मनाला जे हवं असतं त्याचा पुरावा मन शोधून काढतं.

चार महिन्यांनी, कपाशीचा हंगाम भरात असताना मी अकोल्याला घरी गेलो. दादा फॅक्टरीतून अंगभर कापूस घेऊन यायचा, वहिनी त्याला अंगणात झटकून मग आत घ्यायची. ती वाळली होती. भाकरी थापताना मला म्हणाली, "मंधात आणखीन झालं तसं. इथल्या डाक्टरकडे गेली मी. तो म्हणे नागपूरले जाऊन फोटो काढा. मी म्हटलं, काहून? माया दिरानं सोता काढला, त्याच्या हाताचा फोटो आहे, काई नाई निघालं. गोखरूचा काढा घेऊन राहिली मी, त्यानं आराम आहे."

मी समोर बसून जेवत होतो. इथे मला दुसरी संधी मिळाली होती. पहिल्या वेळी मी घाबरून चुकलो असं म्हणता येईल. या वेळी घाईही नव्हती आणि दारात कुणी उभंही नव्हतं. फक्त एवढं म्हणायचं होतं, की वहिनी, तो फोटो अर्धा होता. मी म्हणालो, "एकदा परत काढून घेऊ. चाल मायासोबत अमरावतीले."

"काहून दवाखान्याच्या प्लेटा उडवतं?" ती म्हणाली. "एक डाव काढला ना. घरच्यायले घिऊन घिऊन जाशीन तं लोक बोट दाखवतीन."

माझंच शस्त्र तिच्या हातात होतं, आणि ते तिनेच मला दिलेलं. मी जोर केला नाही. जोर केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. मी भाकरी संपवली आणि दुसरी मागितली, म्हणजे बोलावं लागणार नाही.

उन्हाळ्यात दादाचं पत्र आलं. वहिनीच्या उजव्या कुशीत हाताला गोळा लागतो. मी रजा टाकून गेलो आणि त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सगळे फोटो नव्याने काढले. किडनीचं तर हाताला कळतच होतं. छातीची प्लेट तिथल्या माणसाने धुऊन आणली, मी एक्स-रेवाला म्हणून त्याने ती माझ्याच हातात दिली. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल सावल्या होत्या. सर्जन यायच्या आधीच मला कळलं, रोग छातीपर्यंत पसरला होता. बाहेर दादा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी त्याला म्हटलं, डॉक्टर येऊन सांगतील.

सर्जन म्हणाले, आठ-दहा महिन्यांपूर्वी आली असती तर किडनी काढून पाहिलं असतं. वाचली असती का, मी विचारलं. सांगता येत नाही, ते म्हणाले. हे ‘सांगता येत नाही’ मी पन्नासहून जास्त वर्षं औषधासारखं घेतो आहे. त्याने काही वेळ बरं वाटतं.

तिला अकोल्याला घरी आणलं. मी दर शनिवारी दुपारच्या गाडीने जात होतो, रविवारी परतत होतो. अमरावतीत कामावर मी आता मुकाट्याने पाच-पाच प्लेटा काढत होतो, आलेल्या प्रत्येकाच्या. स्टोअरकीपर एकदा काहीतरी बोलला. मी त्याला असं उत्तर दिलं की तो पुन्हा माझ्या दारात आला नाही. त्याच्यावर ओरडून काय मिळवलं? फळीवर पेटी त्याने ठेवली नव्हती.

एका रविवारी दुपारी दादा औषध आणायला गेला होता. मी ठरवूनच आलो होतो की आज सांगायचं. वहिनी अंगणातल्या बाजेवर निंबाखाली पडली होती. हाडांवर लुगडं ठेवल्यासारखी दिसत होती. मी बाजेच्या कडेला बसून तिचे पाय दाबायला लागलो. माझ्या मनात चार वाक्यं तयार होती. मी म्हटलं, "वयनी, त्या दिवशी अमरावतीले मी जो फोटो काढला..."

"मले बी तोच दिवस आठोते," ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागायची, म्हणून ती थांबत थांबत बोलत होती. "माया आंधी एक बाई होती, दर्यापूरकडची. बाहीर आल्यावर मायापाशी बसली. तिनं सांगतलं, पाच डाव श्वास धराले लावला म्हणे. मी भेलीच. मले तं पाच डाव धरता येत नाई. मंग माया नंबर आला, अन् तू दोन डावातच म्हणला, झालं वयनी. मी मनात म्हटलं, त्या बिचारीले लई बिमारी दिसते. आपलं चांगलं आहे म्हून दोनातच भागलं."

त्या बाईला मी साफ विसरलो होतो. ती सांगते आहे तसंच असणार. परक्या बाईच्या पाच प्लेटा मी त्याच टेबलावर, वहिनीच्या तासभर आधी काढल्या होत्या.

माझे हात थांबले. ती माझ्याकडे पाहत होती. माझ्या मनात काहीतरी आहे, हे तिला कळल्याशिवाय राहिलं नव्हतं. वाकडी ओळ तिला नेहमीच दिसायची. तिने विचारलं, "म्हूनच दोन काढले ना बापू? चांगलं दिसलं म्हून?"

तिला खरं ऐकायचं होतं की धीर हवा होता, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी म्हटलं, "हो वयनी. चांगलं दिसलं म्हणून."

"मंग झालं तं," ती म्हणाली. "तवा नसन. बादमंदी आली असन. तू काहून जीवाले लावून घेतं?" आणि तिने माझा हात धरून आपल्या पायावर परत ठेवला, दाबायचं राहिलं होतं म्हणून.

त्यानंतर अठराव्या दिवशी ती गेली. वस्तीतले, फॅक्टरीतले सगळे आले. माणसं दादाला विचारत होती, घरात दवाखान्याचा माणूस असून कसं काय कळलं नाही. दादा रडत रडत प्रत्येकाला सांगत होता, "मायाच भावानं फोटो काढला होता. तवा नव्हती गाठ. मंग आली." आणि दर वेळी तो माझ्याकडे पाहायचा, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी दर वेळी मान डोलावली.